चिकटलेली दोन पानं

प्रिय दिल्या,

शिव्या घालायच्या तर घाल, पण आधी हे पूर्ण वाच. सहा महिने फोन करतो करतो म्हणतोय, तुझे मेसेज बघून तसेच सोडलेत, कारण काही नाही, नुसता आळस आणि थोडी लाज. आता जे सांगायचंय ते फोनवर जमणार नाही, मंजू शेजारच्या खोलीत असते आणि यातलं अर्धं तिला माहीत नाही. तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, गुडघा दुखायचा तसा दुखतोय, विषय संपला.

तर रेवा. मागच्या मंगळवारी रात्री ती मला तिचं हत्तीचं पुस्तक वाचून दाखवत होती. मस्त चाललं होतं, आवाज वरखाली करून, हत्तीचा आवाज वेगळा, माकडाचा वेगळा. मध्येच तिनं पान उलटलं आणि एकदम दोन पानं उलटली गेली, कधीतरी गोंद सांडला होता त्यानं चिकटलेली. आणि ती थांबलीच नाही रे. जी पानं उघडलीच नव्हती त्यांच्यावरचं सगळं ती घडाघडा म्हणत होती, समोरच्या चित्रात हत्ती झोपलाय आणि ही म्हणतेय हत्ती नदीत उतरला, बोट ओळीखालून सरकतंय, शब्द एक चुकत नाही. मी आधी हसलो. मग पोटात गोळा आला. कपाटातून एक नवीन पुस्तक काढून तिच्या हातात दिलं, त्याहून सोपं. तिनं चित्र बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हे तू आधी एकदा वाच ना."

हे वाक्य कुणाचं आहे ते तुला सांगायला नको.

तिसरीचा वर्ग, खिडकीकडचा दुसरा बाक. तू डबा खाता खाता धडा एकदा वाचायचास, मी ऐकून पाठ करायचो आणि बाईंनी उभं केलं की पुस्तक नाकासमोर धरून म्हणून दाखवायचो. अडलो की तू तोंड न हलवता पुढचा शब्द सोडायचास. चौथी निम्मी होईपर्यंत मला वाचता येत नव्हतं हे कालपर्यंत जगात फक्त दोघांना माहीत होतं आणि दुसरा तू आहेस. मंजूला मी लग्नाआधी सांगून बसलोय की मी चार वर्षांचा असल्यापासून वाचतो. हसू नकोस. बरं, हस.

आता मला छळतंय काय ते ऐक. रेवा सात पूर्ण आहे, दुसरीत आहे. घरात भिंतभर पुस्तकं. ती दीड वर्षाची असल्यापासून मी रोज रात्री तिला वाचून दाखवलंय, म्हणजे पाच वर्षांची होईपर्यंत रोज, मग ऑफिसचं ते सगळं सुरू झालं आणि आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग "आज तू एकटी वाच, मोठी झालीस ना". बोलते कशी तर तुला चक्कर येईल, "अजिबात", "तरीसुद्धा", "हे जरा संशयास्पद आहे" असले शब्द. बाईंनी मागच्या वर्षीच सांगितलं होतं की वाचनात मागे आहे, तर मी त्यांनाच ऐकवून आलो की आमच्या घरात वाचनाचं वातावरण आहे, येईल आपोआप.

आपोआप येत नाही रे. गेल्या आठ दिवसांत मी रात्री जागून हेच वाचत बसलोय, तुला माहितीये मला काही झालं की मी आधी वाचतो आणि मग रडतो. मोनिक सेनेशाल आणि जो-ॲन लफेव्र म्हणून कॅनडातल्या दोघी, त्यांचा 2002 चा अभ्यास आहे, बालवर्गातली मुलं तिसरीपर्यंत बघितली. निघालं काय, तर गोष्टी वाचून दाखवल्यानं मुलांचा शब्दसाठा वाढतो, ऐकलेलं जास्त कळतं, पण अक्षरओळख त्यातून फारशी येत नाही, ती ज्या घरी आईबाप मुद्दाम बसून अक्षरं दाखवतात तिथं येते. दोन्ही गोष्टी घरातच होतात पण दोन वेगळ्या वाटा आहेत. आणि मी एकाच वाटेवर पाच वर्षं चालत होतो. आणखी एक, वाचून दाखवताना मुलांचे डोळे कुठं असतात हे यंत्रानं मोजलंय, तर जवळजवळ सगळा वेळ चित्रावर! मी आपला ओळीवरून बोट फिरवतोय, वाटतंय पोरगी अक्षरं टिपतेय, आणि पोरगी बघतेय हत्ती. तिची काय चूक, मीही हत्तीच बघितला असता.

अजून एक साधा हिशोब सापडला, 1986 चा, गफ आणि टनमर यांचा. वाचन म्हणजे गुणाकार. अक्षरं फोडून शब्द लावता येणं गुणिले भाषा कळणं. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे भाषा कितीही भारी असू दे, पहिला आकडा शून्य असेल तर उत्तर शून्य. माझी पोरगी मला त्या गुणाकारात उभी दिसली आणि शेजारी मी, चड्डीतला.

आपली लिपी पण काय चीज आहे, मी आत्ता पहिल्यांदा नीट बघितली. "कि" लिहिताना वेलांटी क च्या आधी, म्हणायची मात्र नंतर. "सूर्य" मध्ये रफार बसलाय य च्या डोक्यावर आणि म्हणायचा य च्या आधी. ध आणि घ, भ आणि म. मोठ्यांना हे दिसतच नाही. रेवा "घर" ला "धर" म्हणाली तर मी म्हटलं अगं नीट बघ, आणि ती नीटच बघत होती.

आता ती गोष्ट जी लिहायला मी दोन दिवस टाळली. विन्याच्या घरचं ते भांडण. कोण काय प्यायलं होतं ते जाऊ दे. तू तेव्हा नुसतं म्हणालास की तुझ्या पोराला पुस्तकं आवडत नाहीत, त्याला स्क्रूड्रायव्हर दिला की तासभर आवाज नसतो, आणि मी सगळ्यांसमोर तुला तो 2010 चा अभ्यास फेकून मारला, 27 देश, सत्तर हजारांवर माणसं, ज्या घरात 500 पुस्तकं तिथली मुलं बिनपुस्तकांच्या घरातल्या मुलांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त शिकतात. आणि वर म्हटलं, "तुझ्या घरात तर कॅलेंडर सोडून छापील काही नव्हतंच." अभ्यास खरा आहे. पण सरासरी म्हणजे तू नव्हेस, आणि पुस्तकं कपाटात असल्यानं ते होतं की ज्या घरात ती असतात त्या घरात आणखी काय काय असतं त्यामुळं, हे नुसतं कपाट मोजून कळत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. मला फक्त जिंकायचं होतं. तू काही बोलला नाहीस, चप्पल घातलीस आणि गेलास. आठ वर्षं झाली. माफ कर हे लिहिणं फार स्वस्त वाटतंय, पण माफ कर.

कारण कॅलेंडरवाल्या त्याच घरात मी वाचायला शिकलो ना! काकूंना अक्षर येत नव्हतं. संध्याकाळी त्या आपल्या दोघांना समोर बसवायच्या, आलेलं पत्र असो, रद्दीतला कागद असो, "वाच, मला काय कळतंय". तू भरभर, मी अडखळत. पाठ करून म्हणायची सोय नव्हती कारण कागद रोज नवा. आणि त्या चूक पकडू शकत नव्हत्या, त्यामुळं मला भीती नव्हती, पण अर्थ लागला नाही की लगेच थांबवायच्या, "असं कसं? मामा बैलाला भेटायला कशाला येईल? परत बघ." मग मी परत बघायचो आणि तो "बैल" निघायचा "बेळगाव". बाई ओरडायच्या तो शब्द आणि काकू थांबवायच्या तो शब्द एकच असायचा कधीकधी, पण काकूंच्या समोर मला तो परत बघावासा वाटायचा. मला अजून कळत नाही त्यांनी हे ठरवून केलं की त्यांना खरंच पत्रात काय आहे ते हवं होतं. विचारशील?

मी मात्र काय केलं, तर चार्ट. फ्रिजवर. पान वाचलं की एक चांदणी, दहा चांदण्या की बक्षीस. तीन दिवसांत तिनं विचारलं "हे छोटं पान आहे, याची पण एक मिळेल ना?" मग वाचलं की 1973 मध्येच लेपर आणि मंडळींनी दाखवलंय, चित्र काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं तर नंतर आपणहून चित्र काढणं कमी होतं. आणि आमच्या बाईसाहेबांना मुळात आवडतही नव्हतं. चार्ट काढला. शुक्रवारी तर कहर, तिनं पुस्तक फेकलं आणि मी म्हणालो, "एवढं पण येत नाही?" हे माझ्या बापाचं वाक्य आहे, त्याच्या आवाजात निघालं. ती रडली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचणं मुळातच जड जाण्याची ती अडचण, असेल का, हा खरा प्रश्न आहे आणि तो मी इतक्या खाली लिहितोय यावरून ओळख. तो घराण्यात चालत येतो बऱ्याचदा. बुद्धीचा संबंध नाही, डोळ्यांचा नाही, आणि घरी कमी वाचून दाखवल्यानं होत नाही, यानं मला हलकं वाटायला हवं होतं पण उलटंच झालं, कारण मग तो माझ्याकडून आला असेल. मला कधी कुणी तपासलं नाही, मी निसटलो, तुझ्यामुळं निसटलो, आणि निसटलो हेच लपवत बसलो. पुढच्या सोमवारी तपासणी आहे. तिथं घरच्यांपैकी कुणाला उशिरा वाचता आलं का असं विचारणारच. म्हणजे त्याआधी मंजूला सांगावं लागणार. आज रात्री सांगतो. (हे मी काल पण म्हटलं होतं.)

तुझ्या बदलीचं काय झालं? पोराचं ते मशीनचं प्रोजेक्ट पूर्ण झालं का, व्हिडिओ पाठवलेलास तो मी बघितला, खरंच भारी होता, उत्तर द्यायचं राहिलं. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना? वहिनींना नमस्कार.

हां, एक राहिलं. काल रात्री मी रेवाला सांगितलं. मंजूच्या आधी तिलाच. म्हटलं मी पण पाठ करून म्हणायचो, चौथीपर्यंत. ती उठून बसली. "मग तुला कुणी पकडलं?" म्हटलं कुणी नाही, एक मित्र होता तो हळूच सांगायचा. बराच वेळ गप्प होती, मला वाटलं झोपली. मग अंधारातून प्रश्न आला, तो मी जसाच्या तसा तुला पाठवतोय, उत्तर तिलाच दे, मला नको. तिला विचारायचंय की तोंड न हलवता "क्ष" कसा म्हणायचा.

तुझा,
पक्या