नावं विचारायची राहिली, थँक्यू तरी घ्या

२०२० ला लॉकडाऊनमध्ये भोसरीतलं माझं काम सुटलं, जूनपासून नुसते सीव्ही पाठवत बसलेलो, पीएफमधनं काढलेले पण संपले. मग दसऱ्याच्या आसपास ईएसआयसीच्या, म्हणजे कामगार विम्याच्या ऑफिसच्या, रांगेत (रांग कसली, खडूच्या गोलात उभं राहायचं) पुढच्या ताईंनी सांगितलं की दादा, काम गेलेल्यांसाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, सरासरी पगाराच्या २५ टक्क्यांऐवजी आता ५० टक्के मिळतात, ९० दिवसांपर्यंत, मालकाच्या मागे फिरायची गरज नाही, क्लेम थेट शाखेत द्यायचा. मला वाटायचं ईएसआय म्हणजे फक्त दवाखाना! दोन वर्षं नोकरी, ७८ दिवसांची वर्गणी, सगळ्या अटी ताईंना तोंडपाठ.

आधारवर माझं नाव एक आणि पासबुकवर दुसरंच, ते निस्तरायला सायबरवाल्या पोराने दोन तास घालवले आणि घेतले किती तर प्रिंटचे दहा रुपये. प्रतिज्ञापत्राला नोटरीकडे रांगेतला स्वतःचा नंबर मला देणारे काका, तुमचं पेन अजून माझ्याकडेच आहे हो.

पैसे आले त्या दिवशी आधी रूमचं भाडं दिलं, मग पेढे घेऊन सायबरवर गेलो तर शटर बंद. पेढे रूमवरच्या पोरांनी संपवले. तुमचे उधार आहेत.