बन्या कधी येणार?

‘कादंबरी जशीच्या तशी पडद्यावर यायला हवी’ हा रविवारच्या पुरवणीतील लेखाचा आग्रह पटला नाही. पुस्तक चारशे पानांचे, सिनेमा सव्वादोन तासांचा, कापाकापी होणारच. मला खटकते ते वेगळेच. मुलांच्या पुस्तकातले मूलच पडद्यावर येताना गायब होते.

भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला फास्टर फेणे ऊर्फ बन्या हा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकल पिटाळणारा शाळकरी पोरगा. २०१७च्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण झाला आणि थेट खुनाच्या मागे लागला. चित्रपट रंजक होता, अमेय वाघचे कामही छान (आमच्या चिरंजीवांनी दोनदा पाहिला). पण पुस्तकाची पाने सुटेपर्यंत पारायणे केलेली माझी नात मध्यंतरात पॉपकॉर्न तसेच मांडीवर ठेवून विचारू लागली, “आजी, खरा बन्या कधी येणार?” मी सामोसा पुढे केला, दुसरे काय करणार!

उलट मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’तली नववीची मुले सुजय डहाके यांच्या चित्रपटातही नववीतच राहिली, आणीबाणीचा काळही बदलला नाही. त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे वय न वाढवताही सिनेमा होतो.

मे महिन्याच्या सुट्टीत दादरला नातवंडांना घेऊन तिकीट काढायला आम्ही तयार असतो. पोस्टरवर मात्र त्यांच्या वयाचे कोणी दिसत नाही.

– एक आजी, दादर, मुंबई