अ‍ॅसिड स्लरी कोल्ड्रिंकच्या बाटलीत?

मा. संपादक,
स. न.

भांड्यांचे लिक्विड घरी बनवण्याचा धंदा सध्या नागपुरात गल्लोगल्ली चालतो. त्याला माझा विरोध नाही. तक्रार आहे ती इतवारीच्या बाजारात या लिक्विडचा मुख्य कच्चा माल, म्हणजे अ‍ॅसिड स्लरी ज्या पद्धतीने सुटी विकली जाते त्याबद्दल.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका डिटर्जंट कारखान्यात क्वालिटी विभागात होतो, म्हणून नंदनवनातल्या एका बचत गटाने ‘काका, जरा बघून द्या’ म्हणून बोलावले. ओट्याखाली, तेलाच्या पिंपाला टेकून, दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली. आत तपकिरी, काकवीसारखा दाट माल. बाहेर जुने लेबल तसेच, त्यावर फोडलेल्या संत्र्याचे चित्र! दुकानदाराने भरून दिली तशी आणली, असे गटातल्या ताई म्हणाल्या. घरात दोन लहान पोरे.

कारखान्यात या स्लरीचा ड्रम गॉगल आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय उघडू देत नसत. पूर्ण नाव लिनियर अल्काइल बेंझिन सल्फोनिक आम्ल. सहसा ९० टक्के किंवा त्याहून जास्त तेच, वर थोडे उरलेले गंधकाम्ल. अंगावर सांडली तर कातडी भाजते, डोळ्यात उडाली तर नजर जाऊ शकते. ‘साबणाचाच तर माल आहे’ हा समज पक्का बसलेला. पण कॉस्टिक सोडा घालून न्यूट्रल होईपर्यंत ते आम्लच असते, आणि न्यूट्रल होताना चांगलेच तापते.

ताईंनी कॉस्टिकचे पाणी अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात केले होते. पातेल्याच्या कडेने बुडबुडे येत होते. तो हायड्रोजन, आणि हातभर अंतरावर गॅसची शेगडी. कॉस्टिक नेहमी प्लॅस्टिकच्या बादलीत, गार पाण्यात थोडे थोडे सोडायचे. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचे नाही. हे त्यांना प्रशिक्षणात कोणी सांगितले नव्हते. आम्ल उरले का ते दाखवणारी पीएचची पट्टी वापरता का, असे विचारले तर उत्तर आले, ‘हाताला झोंबलं नाही म्हणजे झालं, काका.’

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. असा माल किंवा तयार लिक्विड चुकून कोणी प्यायले तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नये. वर येणारा फेस श्वासनलिकेत शिरतो आणि फुफ्फुसाला इजा करतो. तोंड धुवावे, बाटली सोबत घ्यावी आणि दवाखाना गाठावा. डोळ्यात उडाले तर किमान पंधरा मिनिटे नळाखाली डोळा धरावा. आता त्या बाटलीवर संत्र्याचे चित्र असेल तर डॉक्टरांनी काय समजायचे?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर अ‍ॅसिड विकताना ओळखपत्र बघायचे, वहीत नाव लिहायचे असे ठरले. मी स्वतः इतवारीत स्लरी मागून पाहिली. ‘किती किलो?’ एवढेच विचारले.

राहिले बादल्या धुतलेले पाणी. ते नालीत, नाली नागनदीत, पुढे कन्हान, वैनगंगा, गोसीखुर्द धरण. या स्लरीपासून होणारे डिटर्जंट १९६० च्या दशकात जगभर रूढ झाले, कारण आधीचे लवकर कुजत नव्हते, नद्यांवर फेस तरंगायचा. हे कुजते, पण त्याला पाण्यात प्राणवायू लागतो. नागनदीच्या काळ्या पाण्यात तो आणायचा कुठून? माशांच्या कल्ल्यांना डिटर्जंट फार वाईट. अर्थात याचा दोष चार बादल्या लिक्विड करणाऱ्या बायकांवर टाकणे हास्यास्पद होईल. अख्ख्या शहराच्या मोऱ्या त्याच नदीत जातात. तरी धुवण पुढच्या घाण्यात पाणी म्हणून वापरले तर मालही वाचतो. कारखान्यात आम्ही तेच करायचो.

स्लरी खाद्यपदार्थाच्या किंवा पेयाच्या बाटलीत भरून देण्यावर जिल्हा प्रशासनाने बंदी घालावी. झाकण घट्ट बसणारा कॅन, त्यावर मराठीत मालाचे नाव, ‘आम्ल’ हा शब्द ठळक आणि प्रथमोपचाराच्या चार ओळी, एवढे दुकानदाराला जड नाही. जे बचत गटांना लिक्विड बनवायला शिकवतात त्यांनी प्रमाणपत्रासोबत गॉगल, हातमोजे आणि पीएचच्या पट्ट्या द्याव्यात. फोटो नंतर काढावेत.

लेबलचा मराठी मजकूर मी लिहून ठेवला आहे. इतवारीतल्या कोणत्याही दुकानदाराला फुकट देईन.

आपला,
एक निवृत्त कामगार, नंदनवन, नागपूर