मुहमालैच्या अक्कांना

तीर्थस्वरूप अक्का यांस,

सा. न. वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही आणि माझी तमिळ कामावरच्या चार शब्दांपुढे कधी सरकली नाही, म्हणून हे पत्र आपले जुने दुभाषी तुम्हाला वाचून दाखवतील. ते सर्वांसमोर लिहितो आहे, कारण आमच्याकडेही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, आणि श्रीलंकेच्या उत्तर टोकाला मुहमालै येथे जमिनीतले सुरुंग शोधून काढणाऱ्या या अक्काने काय काम केले ते माझ्या माणसांना ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

2013 च्या नोव्हेंबरातला तो दिवस तुमच्या लक्षात नसेलही. 1990 पासून बंद पडलेला जाफन्याचा लोहमार्ग तेव्हा भारताच्या सहकार्याने पुन्हा घातला जात होता आणि मी त्या कामावर अभियंता होतो. रुळांची पट्टी सुरुंग काढून आमच्या ताब्यात दिलेली होती. तिच्या पलीकडची जमीन नव्हती. रुळांखालच्या एका मोरीचे पाणी पुढे नीट वाहते आहे का, हे पाहण्याच्या नादात मी भरावावरून खाली उतरलो आणि पावसाने वाढलेल्या गवतात लाल टोकाच्या काठ्या न दिसल्यामुळे हद्द ओलांडून सात-आठ पावले आत गेलो. चूक सर्वस्वी माझी होती. तेवढ्यात तुमची हाक आली, ‘निल्लुंगो!’ थांबा, एवढाच तिचा अर्थ. पण ती ऐकून माझा उचललेला पाय जागच्या जागी आला.

आल्या पावली मागे येतो, असे मी खुणेने सांगितले, तेव्हा तुम्ही जोराने मान हलवलीत. मग चेहऱ्यावरची काच खाली ओढून, अंगात ते जड चिलखत घालून तुम्ही गुडघ्यांवर बसलात. आधी कात्रीने गवत कापायचे, मग दंताळ्याने मातीचा पातळ थर ओढायचा, पाहायचे, पुन्हा ओढायचे. त्या सात-आठ पावलांना जवळजवळ दोन तास लागले आणि त्या सबंध वेळात तुम्ही माझ्याशी बोलत होता. मला एक शब्द कळत नव्हता, तरी त्या आवाजाच्या आधारानेच मी उभा राहू शकलो.

त्या वाटेवर निघाला एक गंजलेला खिळा आणि तोफगोळ्याच्या चार कपच्या. तुम्हाला उगाच त्रास दिला, असे मी ओशाळून म्हणालो, त्यावर तुम्ही दुभाष्यांकडून सांगवलेत: ‘इथे काही नव्हते, पण ते आत्ता कळले.’

युद्ध संपल्यावरही तुमच्या लोकांना जे भोगावे लागत होते, ते मला या वाक्यामुळे समजले. 2000 मध्ये लिट्टेने, म्हणजे वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या संघटनेने, श्रीलंकेच्या लष्कराकडून एलिफंट पासचा तळ घेतल्यानंतर मुहमालै ही या दोन सैन्यांमधली आघाडी झाली आणि 2009 पर्यंत तिथे दोन्ही बाजूंनी सुरुंग पेरले गेले. लष्कराचे प्लॅस्टिकचे, ज्यांत धातू जेमतेम असतो. लिट्टेचे घरगुती, लाकडी पेटीतले. त्यात सगळी माती कपच्यांनी भरलेली असल्यामुळे शोधयंत्र पावलापावलाला वाजे आणि ज्याला तुम्ही मिदिवेडि म्हणता, पाय दिला की फुटणारे, ते शेवटी हाताने आणि दंताळ्यानेच शोधावे लागे. छावण्यांतून परतलेल्या कुटुंबांना आपली नारळाची बाग समोर दिसत होती, ताडाची झाडे ओळखीची होती, विहीर जिथल्या तिथे होती. पण बागेत दहा सुरुंग असोत की एकही नसो, मालकाला ती सारखीच परकी. तरी चुलीला जळण लागते, सुटलेल्या गाईच्या मागे कोणाला तरी जावेच लागते, आणि हाताला काम नसलेला माणूस भंगार गोळा करायला त्या रानात शिरतो. ज्यांचे पाय गेले त्यांना जाफन्यातल्या केंद्रात जयपूर फूट बसवून मिळतो; तो घालून उकिडवे बसता येते, ओल्या शेतात उतरता येते, हे मी पाहिले आणि भारतीय म्हणून मला समाधान वाटले. मात्र पाय गमावलेले मूल वाढत राहते, आणि दर थोड्या काळाने त्याला नवा पाय मोजून घ्यावा लागतो.

श्रीलंकेने डिसेंबर 2017 मध्ये सुरुंगबंदीचा ओटावा करार स्वीकारला. माझा देश अजून त्यात नाही, हे तुम्हाला लिहिताना मन जड होते.

13 ऑक्टोबर 2014 रोजी याळ देवी ही रेल्वेगाडी जाफन्याला पोहोचली, तेव्हा हार आम्हा अभियंत्यांच्या गळ्यात पडले. गाडी मुहमालैवरून जाताना मी खिडकीतून तुमच्या लाल काठ्या शोधत होतो. त्या दिवशी तिथे तुमच्यापैकी कोणाला तरी बोलवा, असे सांगायला हवे होते. मी सांगितले नाही, याची खंत आहे. आज उशिरा का होईना, माझ्या दोन्ही पायांबद्दल आणि ज्यांच्या दारापर्यंत तुम्ही गुडघ्यांवर सरकत वाट करून दिली त्या सगळ्यांच्या वतीने, मी तुमचे आभार मानतो.

एक विचारायचे राहिले आहे. जेवणाच्या सुटीत तुम्ही शेंडा उडालेल्या एका ताडाकडे बोट दाखवून म्हणाला होता की त्याच्यामागची विहीर तुमच्या वडिलांनी खोदलेली आहे. तुमची टोळी तेव्हा तिच्यापासून बरीच दूर होती आणि क्रम मोडून आपल्या घराकडे आधी जाणे तुम्हाला मान्य नव्हते. त्या विहिरीचे पाणी आता काढता येते का, तेवढे कळवावे.

लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला धाकटा भाऊ,
मोरीवरचा इंजिनिअर