कायदामंत्री साहेब, फाईल का थांबलीय ते बोर्डावर लिहा

मा. केंद्रीय कायदामंत्री,
भारत सरकार

साहेब, नमस्कार. न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या फाईली तुमच्या खात्यात अडकून राहतात, त्याबद्दल हे पत्र.

मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातला, शेती आहे आणि खताचं छोटं दुकान आहे. कायद्याचं शिक्षण काही नाही, कोर्ट कळलं ते वडिलांच्या वाटणीच्या दाव्यामुळं. तालुक्याला निकाल लागला, जिल्ह्याला अपील झालं, मग मुंबईला सेकंड अपील, ते अजून चालूच. वडील रात्रीच्या एसटीनं मुंबईला जायचे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन यायचा की मॅटर बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत होतं, पण तिथवर कोर्ट पोचलंच नाही. वडील गेले. आता वारस म्हणून माझं नाव लागलंय.

१८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा खरं सांगतो डोळ्यात पाणी आलं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी किती वर्षं आंदोलनं केली त्यासाठी. आता सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी येता येतं. पण बेंच आलं तरी खुर्चीत न्यायाधीश पाहिजेत ना. मुंबई हायकोर्टाची मंजूर पदं ९४. ती पूर्ण भरलेली आमच्या वकीलसाहेबांनी कधी बघितली नाहीत. मी विचारलं का, तर म्हणाले नावं दिल्लीत अडकतात. मग मी वाचायला लागलो.

तर जेवढं समजलं ते असं. सुप्रीम कोर्टात सरन्यायाधीश धरून ३४ जण, आणि ते बहुतेक हायकोर्टातूनच वर जातात. म्हणजे खालची फाईल अडकली की वरची निवडही अडते. घटनेच्या १२४ व्या कलमात लिहिलंय की राष्ट्रपती न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नेमणूक करतील. सगळं भांडण या विचारविनिमय शब्दावर. १९७३ ला सरकारनं तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून चौथ्याला सरन्यायाधीश केलं, १९७७ ला न्या. खन्नांना डावललं, आणीबाणीत नागरिकांच्या बाजूनं एकट्यानं निकाल लिहिला होता त्यांनी. ही भीती मनात होती म्हणूनच पुढं १९९३ ला कोर्टानं शेवटचा शब्द आपल्याकडं घेतला आणि १९९८ ला सरन्यायाधीश अधिक चार ज्येष्ठ न्यायाधीश असं कॉलेजियम, म्हणजे नावं निवडणारं मंडळ, पक्कं झालं. तुमच्या सरकारनं २०१४ ला न्यायाधीश निवडायला वेगळ्या आयोगाचा कायदा केला, तो १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक असा रद्द झाला. तेव्हा मला कोर्टाचा राग आला होता. आज वाटतं की सगळ्यात जास्त खटले ज्याच्यावर चालतात त्या सरकारच्या हातात निवड नको हे बरोबरच होतं.

पण बंद खोलीतली निवडही मला पटत नाही. बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला आमच्या साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, आम्ही तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्याच बाबासाहेबांनी मे १९४९ मध्ये घटना समितीत सांगितलं होतं की सरकारला मोकळं रान नको आणि सरन्यायाधीशालाही नकाराधिकार नको, कारण तोही माणूसच आहे. कॉलेजियमनं २०१७ ला आपले ठराव कारणांसकट वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली आणि दोनच वर्षांत कारणं गळाली. हे मी त्यांनाही लिहिणार आहे.

तुम्हाला मात्र तुमच्या टेबलाबद्दल लिहितोय. कॉलेजियमनं तेच नाव परत पाठवलं तर सरकारनं नेमणूक करायची हा कोर्टाचा निकाल आहे. २०२१ ला सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाच्या नेमणुकांसाठी मुदतसुद्धा घालून दिली, परत पाठवलेल्या एकमुखी नावासाठी तीन ते चार आठवडे. तरी नावं वर्षानुवर्षं पडून राहतात. नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. यादीतलं एक नाव लगेच होतं आणि शेजारचं राहतं, त्यात ज्येष्ठता जाते, आणि ज्येष्ठतेवरच तर पुढं सरन्यायाधीश कोण हे ठरतं. न्या. के. एम. जोसेफ यांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी जानेवारी २०१८ ला गेलं, एप्रिलमध्ये तुमच्याकडून परत आलं, शपथ ऑगस्टमध्ये, आणि त्या दिवशीच्या तिघांत ते तिसरे. तेव्हा निदान सरकारनं कारण लेखी दिलं होतं, ज्येष्ठता कमी आणि केरळला आधीच प्रतिनिधित्व आहे असं. मला ते पटलं नाही पण त्यावर वाद तरी घालता आला. गप्प बसलेल्या फाईलवर काय वाद घालायचा? आणि फाईल गप्प बसली की लोक आपापली कारणं लावतात, जातीची, धर्माची, कुठल्या निकालाची.

रामशास्त्री प्रभुणे आमच्या माहुलीचे. पेशव्यांच्या पदरी राहून राघोबादादांना तोंडावर दोषी म्हणाले, हे आमच्याकडं पोरासोरांना माहीत असतं. पण प्रत्येक खेपेला रामशास्त्रीच निघेल असं धरून चालता येत नाही साहेब, म्हणून तर नेमताना काय बघितलं ते आम्हाला कळायला पाहिजे.

माझ्या दुकानात दाराशी बोर्ड आहे. कुठलं खत, किती पोती शिल्लक, भाव काय, रोज लिहायचं. सरकारचाच नियम आहे, आणि चांगला आहे, कारण युरिया असून नाही म्हटलं की शेतकऱ्याचा हंगाम जातो. तसाच एक तक्ता तुमच्या खात्यानं दर महिन्याला लावावा. नाव कधी आलं, आज कुणाकडं आहे, किती दिवस झाले, आक्षेप असेल तर काय. गुप्तचर खात्याचा सगळा रिपोर्ट टाका असं मी म्हणत नाही, माणसाची अब्रू असते, पण दोन ओळींचं कारण लिहिता येतं. याला घटनादुरुस्ती लागत नाही, आयोग लागत नाही, तुमची सही पुरते.

आणि नेमणुकीच्या कार्यपद्धतीचा जो मसुदा २०१५ पासून तुमच्यात आणि कोर्टात फिरतोय, तो लोकांसमोर ठेवा. आम्ही वाचू. मराठीत दिलात तर गावातले अजून चारजण वाचतील.

उत्तराची वाट बघतो.

आपला,
एक पक्षकार, कोरेगाव तालुका, जि. सातारा