खासबागेत कॅमेरा कुठं ठेवशील?

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं खासबाग मैदानातल्या कुस्तीचं चित्रण आईनं आणि मी पाहिलं. फोकस कुठं सुटलेला नाही, हात छान बसलाय. पण बाळ, जवळजवळ सगळे शॉट तू खालून घेतलेस. लो अँगलनं माणूस दांडगा दिसतो हे खरं. पण दोघंही सारखेच दांडगे दिसले तर कोण कुणाला दबतोय, हे बघणाऱ्याला कळणार कसं?

खडाखडी, म्हणजे सुरुवातीची हातापायांची झटापट, चालते तेव्हा दोघं कमरेत वाकलेले असतात. उभ्यानं कॅमेरा धरला तर टाळकी दिसतात, जमिनीला टेकवला तर नाकपुड्या. गुडघ्यावर बस, लेन्स त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आण. डाव टाकायच्या आधी नजर हलते, ती तिथूनच सापडते. लो अँगल जिंकलेला पैलवान उठेल तेव्हासाठी राखून ठेव.

सुरुवातीचा लाँग शॉट, म्हणजे सगळं मैदान दाखवणारा, मात्र वरच्या पायरीवरूनच घे. शाहू महाराजांनी मैदान असं उतरतं बांधून घेतलंय की कुठूनही हौदा, म्हणजे मधला मातीचा आखाडा, दिसतो. तिथला हाय अँगल म्हणजे प्रेक्षकाचीच नजर.

दोघांना जोडणारी मनातली रेषा सांभाळ, कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेव. कट करून पलीकडं गेलीस की डावीकडचा पैलवान उजवीकडं दिसतो आणि बघणारा गोंधळतो. कुस्ती फिरली तर कट न करता तिच्याबरोबर फिर, नाहीतर मध्ये हलगीवाल्याचा क्लोज-अप टाक.

क्लोज-अपला वाइड लेन्स घेऊन अंगावर जाऊ नकोस, नाक मोठं दिसतं. लांबून ८५ मिमीच्या लेन्सनं घे. घामानं पकड निसटायला लागली की पैलवान मूठभर तांबडी माती उचलून समोरच्याच्या मानेवर चोळतो. ताक, तेल, हळद घालून मुरवलेली ती माती घामावर काळपट होत जाते. तुझ्या चित्रणात हा क्षण आहे, पण मिड शॉटमध्ये, कमरेपासून वरच्या चौकटीत, एका कोपऱ्यात! फार जीव हळहळला बघ. तिथं फक्त मान आणि बोटं हवी होती.

चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात १९१८ साली देशी कॅमेरा घडवला. ते चित्रीकरणाआधी पात्रांची, पोशाखांची रेखाटनं करत. तूही शॉट आधी कागदावर काढत जा, पेन्सिलीनं साधे चौकोन काढलेस तरी पुरे.

पुढच्या मैदानाच्या आदल्या दिवशीच ये. रिकाम्या खासबागेत जाऊन कॅमेऱ्याच्या जागा ठरवू. माझी ८५ ची लेन्स पुसून ठेवलीय, ती घेऊन जा.

तुझे,
बाबा