क्रॉसिंगचा कागद लिहिणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

कॅनडातल्या कॅलगरीच्या मराठी घरांमध्ये, सस्कॅचवान रिव्हर क्रॉसिंगवरून जॅस्परला जाणाऱ्यांसाठीच्या सूचनांचा तुमचा तो दोन पानी कागद अजून फिरतो आहे. कुणाचे आईबाबा पुण्याहून, कोल्हापूरहून किंवा नाशिकहून आले आणि रॉकी पर्वतातल्या जॅस्पर गावाला जायचं ठरलं, की आधी तो मागितला जातो. त्याचे आभार कुणीतरी नीट, जाहीरपणे मानायला हवेत, म्हणून आम्ही काही कुटुंबं मिळून हे पत्र लिहीत आहोत.

सस्कॅचवान रिव्हर क्रॉसिंग बघितलं तर काय आहे? बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातला एक तिठा. ९३ क्रमांकाचा आइसफील्ड्स पार्कवे उत्तर-दक्षिण जातो आणि पूर्वेकडून ११ क्रमांकाचा डेव्हिड थॉम्पसन हायवे येऊन त्याला मिळतो. एक पेट्रोल पंप, राहायची सोय, खाणं, दुकान. गाव म्हणावं असं काही नाही. बहुतेक लोक इथे चहा-कॉफी, स्वच्छतागृह एवढं उरकून निघतात. तुम्ही कागदावर पहिलीच ओळ लिहिलीत, ‘इथे थांबायचं ते ठरवायला.’ त्या एका ओळीचा आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला.

ठरवायचं का, तर दोन्ही बाजूंना खिंडी आहेत. दक्षिणेला बो खिंड, सुमारे २,०७० मीटर. उत्तरेला सनवाप्टा खिंड, २,०३५ मीटर. क्रॉसिंग मधल्या खोलगट भागात, साधारण १,४०० मीटरवर. उंची ६००–६५० मीटरने वाढली की तापमान चारेक अंशांनी उतरतं. म्हणजे क्रॉसिंगवर २ अंश तापमान आणि भुरभुर पाऊस असेल, तर वर बर्फ पडतोय असंच धरून चालायचं. खाली रस्ता ओला दिसतो, माणूस निर्धास्त होतो, आणि उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर बिग बेंडचं वळण घेऊन चढ लागला की तोच ओलावा गोठलेला सापडतो. सप्टेंबरच्या शेवटीही हे होतं आणि मे महिन्यातही. आपल्याकडच्या घाटात दर दोन वळणांवर टपरी असते, कुणीतरी ‘पुढे दरड आलीय’ असं सांगतं. इथे सांगणारं कुणी नाही. दक्षिणेकडचं लेक लुईस गाव सोडलं की जॅस्पर जवळ येईपर्यंत मोबाईलला जवळपास रेंज नसते. म्हणून ५११ अल्बर्टा या प्रांताच्या माहितीसेवेवरचा रस्त्याचा अहवाल लेक लुईसला असतानाच बघायचा आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवायचा, हे तुम्ही ठळक अक्षरात लिहिलं होतंत.

पेट्रोलचा हिशोबही तुम्ही किती सोपा करून दिलात! लेक लुईस ते क्रॉसिंग सुमारे ८० किलोमीटर, क्रॉसिंग ते जॅस्पर सुमारे १५०. मधे दुसरा पंप नाही, आणि क्रॉसिंगचा पंप हिवाळ्यात बंद असतो. मोठी गाडी १०० किलोमीटरला ११ लिटर खाते असं धरलं तर २३० किलोमीटरला २५ लिटर होतात. अर्ध्या टाकीत ते हिशोबात बसतं, आणि फसगत नेमकी तिथेच होते. थंडी, बर्फातून रेटा आणि समोरचा वारा यांत चार-पाच लिटर जास्त जातं. पुढे कोलंबिया आइसफील्ड या हिमक्षेत्रापाशी रस्ता बंद मिळाला तर तिथून लेक लुईसला परत येणं आणखी १३० किलोमीटर. इंजिन चालू ठेवून तासभर थांबावं लागलं तर लिटर-दीड लिटर त्यातच संपतं. म्हणून टाकी लेक लुईसला भरायची, क्रॉसिंगला नाही. उन्हाळ्यातही क्रॉसिंगचा भाव शहरापेक्षा चढा असतो, पण काटा अर्ध्याखाली असेल तर तिथे पैशांकडे बघू नये. आणि बर्फात गाडी उभी असताना हीटर लावून बसायचं असेल, तर आधी खाली उतरून धुराच्या नळीभोवतीचं बर्फ उकरून टाकायचं. नळी बुजली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो.

टायरबद्दल तुम्ही लिहिलंत ते तर प्रत्येक भाड्याच्या गाडीवर चिकटवावं असं आहे. १ नोव्हेंबर ते १ एप्रिल या काळात पार्कवेवर हिवाळी टायर लागतात, नाहीतर साखळ्या. एम अधिक एस (चिखल आणि बर्फ) अशी खूण असलेले सर्व ऋतूंचे टायर नियमात बसतात, आणि भाड्याच्या गाडीला बहुतेकदा तेच असतात. पण साधारण ७ अंशांखाली त्यांचं रबर कडक होत जातं आणि पकड कमी होते. डोंगर आणि हिमकण अशी खूण असलेला टायर मागून घ्या, हा तुमचा सल्ला. हवेचाही हिशोब तुम्ही सांगितला होतात. तापमान दर साडेपाच अंशांनी उतरलं की दाब सुमारे एक पीएसआयने कमी होतो. १५ अंशांच्या गॅरेजमध्ये ३४ भरलेली हवा उणे २५ ला २७ च्या आसपास येते, आणि टायर गळतोय असं वाटून लोक घाबरतात. हवा सकाळी गाडी थंड असतानाच मोजायची.

तिठ्याचा तिसरा रस्ता, ११ नंबर, आम्ही कुणीच मनावर घेतला नव्हता. तुम्ही त्याला ‘मागचं दार’ म्हटलंत. हिमस्खलनाच्या धोक्यामुळे किंवा वणव्यामुळे पार्कवे बंद झाला, तर क्रॉसिंगवर असलेल्या माणसाला पूर्वेकडे सुटता येतं. तासाभरावर नॉर्डेग, आणि क्रॉसिंगपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास रॉकी माउंटन हाऊस नावाचं गाव. तिथून कॅलगरी. अंतर सरळ वाटेच्या दीडपटीच्या आसपास पडतं, पण माणसं रात्री घरी पोहोचतात. २०१४ च्या जुलैत क्रॉसिंगच्या परिसरातच वणवा पेटला होता. २०२४ च्या जुलैत जॅस्पर गाव रिकामं करावं लागलं, तेव्हा पार्कवेही बंद झाला. आता आम्ही निघण्यापूर्वी हा रस्ताही नकाशात उतरवून ठेवतो. एरवीही तो सुंदर आहे, ॲब्राहम तलाव त्याच वाटेवर लागतो.

नदीबद्दलचा तुमचा परिच्छेद आम्हाला सगळ्यात आवडतो. नॉर्थ सस्कॅचवान, हाऊज आणि मिस्ताया या तीन नद्या इथे जवळजवळ भेटतात. सस्कॅचवान हे नाव इथल्या मूळ रहिवाशांच्या क्री भाषेतलं, अर्थ वेगाने वाहणारी. घोड्यांवर सामान लादून येणारे लोक इथे नदी पार करत, म्हणून हे ‘क्रॉसिंग’. ते शक्यतो सकाळी उतरत, कारण पाणी हिमनद्यांचं. दिवसभर ऊन लागून बर्फ वितळतं आणि दुपारनंतर पाणी चढतं. आजही हाच नियम. सकाळी कोरडा दिसलेला वाळू-गोट्यांचा पट्टा संध्याकाळी पाण्याखाली असू शकतो. पाणी खडकाच्या भुकटीमुळे दुधट असतं, तळ दिसत नाही आणि खोली कळत नाही. मुलांना घोट्यापलीकडे जाऊ द्यायचं नाही.

मिस्ताया घळ तिठ्याच्या दक्षिणेला पाचेक किलोमीटरवर. गाडीतळापासून अर्धा किलोमीटर, जाताना उतार, म्हणजे येताना चढ. आजी-आजोबांना हे आधी सांगायला हवं. पुलावरून घळ उत्तम दिसते. काठावर मात्र कठडे नाहीत आणि झिजलेला चुनखडक ओला झाला की घसरतो. तिथे फोटोसाठी मागे सरकणं सगळ्यात धोक्याचं, हे तुम्ही लाल शाईने लिहिलंत ते योग्यच केलंत.

प्राण्यांपासून अंतर ठेवायचं: अस्वल आणि लांडग्यापासून १०० मीटर, एल्क, हरीण, मेंढ्यांपासून ३० मीटर, आणि रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवायची नाही. धपाटे आणि दशम्यांचे डबे बाकावर सोडून जायचं नाही, हे वाक्य फक्त मराठी माणूसच लिहू शकतो.

काका, इतकी वर्षं त्या रस्त्यावर बस चालवून तुम्हाला जे कळलं, ते तुम्ही कुणी न मागता लिहून काढलंत, हाताने नकाशा काढलात, दरवर्षी बदल करून पाठवलात. आमची म्हातारी माणसं आणि लहान मुलं त्या भरवशावर तिथून सुखरूप येतात. मनापासून आभार.

यंदा आम्ही त्यात दोन ओळी घातल्या आहेत. एक, काचेवर फवारायचं पाणी उणे ४० पर्यंत न गोठणारंच घ्यावं, कारण उन्हाळ्याचं पाणी नळीत गोठतं आणि काचेवर उडालेला रस्त्यावरच्या मिठाचा राप पुसता येत नाही. दुसरी, विजेच्या गाड्यांसाठी: थंडीत पल्ला बराच घटतो, म्हणून कॅलगरीतून निघताना चार्जिंगची ठिकाणं आणि ती चालू आहेत का, दोन्ही तपासावं. प्रत सोबत जोडली आहे. वाचून पाहा, चुकलं असेल तिथे नेहमीसारखी लाल शाई चालवा, आणि पहिला बर्फ पडायच्या आत परत पाठवा.

तुमचे,
कॅलगरीतली काही मराठी कुटुंबं